उडी मार्सेलिसलाच का?

सावरकरांची समुद्रातली उडी आपण शाळेपासून ऐकत आलोय. पण बोट इंग्लंडहून निघाली १ जुलै १९१० ला आणि उडी पडली ८ जुलैला. मधले सहा-सात दिवस चारी बाजूंना पाणीच पाणी होतं. मग उडीसाठी बंदराचीच वाट का बघितली? या प्रश्नाचं उत्तर शोधताना एका माणसाचं आयुष्य उलगडतं आणि समुद्राचं गणितही समजतं.

दरवर्षी २८ मे आणि २६ फेब्रुवारीला मोबाइलवर एक चित्र हमखास फिरतं. काळंभोर आभाळ, घराएवढ्या लाटा, मागे लांब गेलेली बोट आणि लाटा कापत निघालेले सावरकर. किनारा कुठेच नाही. चित्र जबरदस्त असतं, पण घडलं ते तसं नाही. बोट मार्सेलिसच्या बंदरात उभी होती आणि समोर धक्का होता.

हे सांगितलं की काही जण हिरमुसतात. उडी एकदम छोटी झाली, असं त्यांना वाटतं. पण चित्रातल्यासारखी उडी खरंच मारली असती, तर पुढे सांगायला काही उरलंच नसतं.

भगूर, नाशिक, लंडन

विनायक दामोदर सावरकरांचा जन्म २८ मे १८८३ चा. गाव नाशिकजवळचं भगूर. जवळून दारणा वाहते. समुद्र तिथून कितीतरी लांब, घाट उतरून गेल्यावर. विनायक नऊ वर्षांचा असताना आई राधाबाई कॉलऱ्याने गेल्या. १८९९ मध्ये प्लेगने वडिलांनाही नेलं. थोरले भाऊ बाबाराव यांनी घर सावरलं आणि कुटुंब नाशिकला आलं. तिथे तरुणांचा ‘मित्रमेळा’ जमला. १९०४ मध्ये त्याचीच ‘अभिनव भारत’ ही गुप्त संघटना झाली.

१९०२ मध्ये सावरकर पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात दाखल झाले. १९०५ मध्ये विदेशी कपड्यांची होळी पेटवली म्हणून दहा रुपये दंड झाला आणि हॉस्टेलमधून बाहेर काढलं गेलं. विचार करा, आज तुम्ही ज्या वयात आहात जवळपास त्याच वयातली ही गोष्ट. तरीही बी.ए. पूर्ण केलं. पंडित श्यामजी कृष्णवर्मा यांची शिष्यवृत्ती मिळाली, तिच्यासाठी लोकमान्य टिळकांनी शिफारस केली होती. जून १९०६ मध्ये मुंबईहून बोटीत बसून ते बॅरिस्टर व्हायला लंडनला निघाले.

लंडनमध्ये मुक्काम ‘इंडिया हाउस’ला. कायद्याचा अभ्यास सुरू होता आणि त्याच्या जोडीला १८५७ च्या उठावावरचं पुस्तक, क्रांतिकारकांची जुळवाजुळव आणि हिंदुस्थानात पिस्तुलं पाठवण्याचा उद्योगही चालू होता. जून १९०९ मध्ये बाबारावांना जन्मठेप, काळ्या पाण्याची शिक्षा झाली. समुद्राने आपल्याला मायभूमीपासून तोडलं, ही तगमग ब्रायटनच्या किनाऱ्यावर कवितेतून बाहेर पडली. ती कविता महाराष्ट्राला तोंडपाठ आहे.

त्याच वर्षी २१ डिसेंबरच्या रात्री नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरे या अवघ्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. नाशिकचा कलेक्टर म्हणजे तेव्हा आपल्या सुरगाणा संस्थानावरही सरकारच्या वतीने नजर ठेवणारा साहेब. त्यामुळे या गोळ्यांचा आवाज घाटमाथ्यापर्यंत पोहोचला असणार. वापरलेलं पिस्तूल लंडनहून आलेल्या पिस्तुलांपैकी आहे, असा सरकारचा आरोप होता. १३ मार्च १९१० ला लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवर सावरकरांना अटक झाली. खटला हिंदुस्थानात चालवायचं ठरलं आणि १ जुलैला त्यांना ‘मोरिया’ बोटीवर चढवण्यात आलं.

बोटीवरचे ते दिवस

‘मोरिया’ पी अँड ओ कंपनीची मोठी प्रवासी बोट होती. बरोबर स्कॉटलंड यार्डचा अधिकारी होता, हिंदुस्थानातून आलेले पोलीस होते. कैद्यावर चोवीस तास पहारा. पण बोट एकदा किनारा सोडून बाहेर पडली की पहाऱ्याची खरी गरजच उरत नाही. पहारा समुद्रच देतो.

आपल्याकडची पोरं नदीवर वाढलेली. नार, पार नदीच्या डोहात उंच खडकावरून सूर मारणारे प्रत्येक गावात भेटतील. त्यांना वाटेल, पोहता येत असेल तर भर समुद्रात पडल्याने एवढं काय होतं? शिवाय खाऱ्या पाण्याची घनता गोड्या पाण्यापेक्षा जास्त असते, म्हणजे समुद्रात तरंगणं उलट थोडं सोपंच. मग माणूस मरतो कशाने?

सुरुवात पडण्यापासूनच करू. मोठ्या बोटीचा डेक पाण्यापासून दहा मीटर उंच धरला, तर तिथून पडलेला माणूस ताशी पन्नास किलोमीटरच्या वेगाने पाण्यावर आदळतो. डोहात सूर मारताना आपण अंग सावरतो, हात जोडतो, श्वास धरतो. तोल जाऊन पडणाऱ्याला यातलं काहीच जमत नाही. पाठीवर किंवा पोटावर पडला तर श्वासच अडकतो, बरगड्याही मोडू शकतात. वाटेत बोटीचा कठडा, साखळी, काहीही लागू शकतं. आणि बोट चालू असेल तर मागच्या बाजूला पंखा फिरत असतोच.

यातून वाचला, की गाठ थंडीशी. युरोपच्या अटलांटिक किनाऱ्यालगतचं पाणी ऐन जुलैतही आपल्याला गारठवून टाकेल असं असतं. थंड पाणी एकदम अंगावर आलं की माणूस मोठ्याने हबकून श्वास आत ओढतो. हे आपल्या हातात नसतं, शरीर आपोआप करतं. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी थेट फुप्फुसात. पहिली दोन-तीन मिनिटं छाती धपापत राहते, हृदयाचे ठोके सैरावैरा होतात. कित्येक जण इथेच संपतात, आणि त्यांत पट्टीचे पोहणारेही असतात.

ती मिनिटं निभावली तरी पुढच्या दहा-वीस मिनिटांत हातपाय ऐकेनासे होतात. कारण साधं आहे. पाणी शरीराची ऊब हवेपेक्षा वीस-पंचवीस पट वेगाने ओढून घेतं. शरीर मग हृदय आणि मेंदू वाचवायला हातापायांचं रक्त आत खेचतं. बोटं वळत नाहीत, फेकलेली दोरी हातात धरता येत नाही. माणसाला पोहणं माहीत असतं, पण स्नायूंना ते करता येत नाही. अंग पूर्ण गार पडून शुद्ध हरपायला त्यानंतरही बराच वेळ लागतो. म्हणजे पुष्कळ जण थंडीने गोठण्याआधीच बुडालेले असतात.

आपला अरबी समुद्र उबदार आहे, तिथे ही घाई नसते. पण तिथलं पाणीही शरीरापेक्षा गारच, म्हणून तासन् तास राहिलं तर अंग गार पडतंच. वरून ऊन, तहान, आणि भोवती इतकं पाणी असून पिता येत नाही. समुद्राचं पाणी प्यायलं तर त्यातलं मीठ बाहेर टाकायला शरीर प्यायलेल्यापेक्षा जास्त पाणी खर्च करतं. तहान वाढतच जाते.

बोट थांबत नाही

सगळ्यात मोठा घात मात्र वेगळाच आहे. त्या काळातली मोठी टपालबोट ताशी पंधरा-सोळा नॉट, म्हणजे साधारण तीस किलोमीटर वेगाने जायची. मिनिटाला अर्धा किलोमीटर! दीडशे मीटरहून लांब असलेली अख्खी बोट पडलेल्या माणसाच्या शेजारून वीसेक सेकंदांत निघून जाते. कोणी पाहिलं, ओरडलं, ते कॅप्टनपर्यंत पोहोचलं, यात पाच मिनिटं गेली तर माणूस अडीच किलोमीटर मागे राहिलेला असतो. हजारो टनांची बोट ट्रकसारखी ब्रेक दाबून थांबत नाही. इंजिनं उलटी फिरवली तरी ती कितीतरी अंतर पुढे जाते, मग वळायचं, मग शोधायचं.

आणि शोधायचं काय? नारळाएवढं डोकं! पाण्याबाहेर तेवढंच दिसतं. लाटांच्या खळग्यात तेही लपतं. उन्हात पाणी चकाकत असेल तर काहीशे मीटरवरूनही नजरेला सापडत नाही, रात्री तर विषयच संपला. उलट पाण्यातल्या माणसाच्या डोळ्यांची उंची वीतभर. त्याला क्षितिज जेमतेम दीड किलोमीटरवर दिसतं. किनारा त्यापलीकडे असेल तर कुठल्या दिशेला पोहायचं, हेसुद्धा कळत नाही. शिवाय प्रवाह त्याला सतत वाहून नेत असतो. म्हणजे जिथे पडला तिथे तो नसतोच.

म्हणूनच आज जहाजावर ‘माणूस पडला’ अशी हाक आली की कामं ठरलेली असतात. पाहणाऱ्याने ताबडतोब लाइफबॉय फेकायचा. एकाने पडलेल्या माणसाकडे बोट रोखून उभं राहायचं आणि नजर क्षणभरही हलवायची नाही. जीपीएसवर त्या जागेची खूण करायची. मग जहाज अशा ठरावीक पद्धतीने वळवायचं, की ते आपल्याच मागल्या वाटेवर उलट दिशेने परत येईल. या वळणाला विल्यमसन टर्न म्हणतात. मर्चंट नेव्हीत जायचं मनात असेल तर हा शब्द तुम्हाला पुढे भेटणारच आहे. एवढं सगळं हाताशी असूनही वाचण्याची खात्री नसते. १९१० मध्ये तर जीपीएस नव्हतं, हेलिकॉप्टर नव्हतं. आणि पळून जाणाऱ्या कैद्याला शोधायला बोट परत यावी, असं वाटणारही नाही. म्हणजे त्याला सगळं अंतर स्वतःच कापावं लागणार.

फक्त एकच बंदर

आता नकाशा उघडा. इंग्लंड ते मुंबई या वाटेवर जिब्राल्टर ब्रिटिशांचं. माल्टा ब्रिटिशांचं. सुएझ कालवा ज्या इजिप्तमधून जातो, तिथे ब्रिटिश फौज बसलेली. एडन ब्रिटिशांचं. यातल्या कुठल्याही बंदरात उडी मारून धक्का गाठला, तरी पुन्हा ब्रिटिशांच्याच हातात. भर समुद्रात पाणी सोडत नाही आणि या बंदरांत कायदा सोडत नाही. मार्सेलिस मात्र फ्रान्सचं. तिथे किनारा जवळ होता आणि तो दुसऱ्या देशाचा होता.

ब्रिटिशांनाही हे कळत होतं. बोट मार्सेलिसला थांबणार म्हणून त्यांनी फ्रेंच पोलिसांना आधीच कळवून ठेवलं होतं. ७ जुलैच्या संध्याकाळी ‘मोरिया’ बंदरात आली. ८ तारखेच्या सकाळी सावरकर शौचालयात गेले, आतून दार लावलं, पोर्टहोलच्या अरुंद गोल खिडकीतून अंग ओढून बाहेर काढलं आणि पाण्यात उडी घेतली. पोहत धक्का गाठला, वर चढले आणि पळत सुटले. मागून बोटीवरचे लोक धावत होते. किनाऱ्यावरच्या एका फ्रेंच शिपायाने त्यांना धरलं. आपल्याला फ्रेंच अधिकाऱ्यासमोर न्यावं, अशी त्यांची धडपड होती, पण दोघांना एकमेकांची भाषा कळेना, असं सांगितलं जातं. मादाम कामा त्यांना न्यायला येणार होत्या आणि थोड्याशा उशिराने चुकामूक झाली, अशीही हकिकत आहे. काही असो, काही मिनिटांतच सावरकर पुन्हा बोटीवर होते. दुसऱ्या दिवशी ‘मोरिया’ निघाली.

उडी फसली. पण फ्रान्सच्या भूमीवरची ती काही मिनिटं जगभर गाजली. कार्ल मार्क्सचा नातू जाँ लाँगे याने फ्रेंच वर्तमानपत्रातून आवाज उठवला. फ्रान्सच्या जमिनीवर पोहोचलेल्या राजकीय कैद्याला असं परत नेता येतं का, या प्रश्नावरून ब्रिटन आणि फ्रान्स हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादापुढे गेले. २४ फेब्रुवारी १९११ ला निकाल लागला. अटकेत अनियमितता झाली, पण कैदी परत देण्याची सक्ती ब्रिटनवर करता येत नाही, असं लवादाने ठरवलं. लॉ करणाऱ्यांनो, आंतरराष्ट्रीय कायदा शिकताना हा खटला आजही अभ्यासला जातो. आणि तो उभा राहिला कशामुळे? सावरकरांचे पाय परक्या देशाच्या जमिनीला लागले म्हणून. भर समुद्रात उडी पडली असती तर बोटीच्या नोंदवहीत एक ओळ लिहिली गेली असती आणि विषय मिटला असता.

पाण्याची भिंत

निकाल लागेपर्यंत इकडे दोन जन्मठेपा सुनावून झाल्या होत्या, म्हणजे पन्नास वर्षं. ४ जुलै १९११ ला सावरकर अंदमानला पोहोचले, मार्सेलिसच्या उडीला वर्ष व्हायला चार दिवस बाकी असताना. सेल्युलर जेलमध्ये जवळपास सातशे कोठड्या होत्या. कोलू ओढायचा, काथ्या कुटायचा. थोरले बाबाराव त्याच तुरुंगात होते.

ब्रिटिशांनी तुरुंगासाठी अंदमानच का निवडलं, हे आता वेगळं सांगायला नको. मुख्य भूमी बाराशे किलोमीटर लांब. भिंत चढून बाहेर पडलात तरी पुढे पाणीच. काळ्या पाण्याच्या शिक्षेची दहशत निम्मी तुरुंगाची होती, तर निम्मी त्या पाण्याची.

सुटकेसाठी सावरकरांनी तिथून सरकारकडे अर्ज केले. त्यावरून आजही वाद झडतात. १९२१ मध्ये त्यांना मुख्य भूमीवर आणलं आणि ६ जानेवारी १९२४ ला तुरुंगातून सोडलं, पण रत्नागिरी जिल्हा ओलांडायचा नाही या अटीवर. तेरा वर्षं ते तिथे राहिले. अस्पृश्यतेविरुद्ध काम केलं, सर्वांना खुलं असलेलं पतितपावन मंदिर उभं राहिलं. १९३७ मध्ये बंधनं उठली आणि ते हिंदू महासभेचे अध्यक्ष झाले. गांधीहत्येच्या खटल्यात ते आरोपी होते, १९४९ मध्ये निर्दोष सुटले. २६ फेब्रुवारी १९६६ ला मुंबईत त्यांनी अन्नपाणी सोडून देह ठेवला. त्यांच्या राजकारणाबद्दल दोन टोकांची मतं आहेत आणि राहतील. मात्र त्या सकाळच्या उडीबद्दल दोन्हीकडच्यांना एक गोष्ट मान्य व्हायला हरकत नाही. ती उडी ठिकाण बघून मारलेली होती.

आपल्यासाठी एवढंच

सुरगाण्याहून समुद्र वाटतो तेवढा लांब नाही. सरळ रेषेत सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. आपली पार नदी वलसाडजवळ त्यालाच मिळते. सुट्टी लागली की तिथल, दमणचे प्लॅन बनतात, मुंबईला गेलं की गेटवेहून बोटीची फेरी ठरलेली. डोहात दोन्ही काठ दिसतात, दहा हात मारले की खडक हाताला लागतो. ती सवय घेऊन समुद्रात उतरू नका.

किनारा दिसतोय म्हणजे वाचलो, असंही नसतं. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट ऐन पावसाळ्यात किनाऱ्यापासून फार दूर नसताना उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. डिसेंबर २०२४ मध्ये एलिफंटाकडे निघालेल्या बोटीला धडक बसली. गेटवे तिथून जवळच होता, तरी पंधरा जणांचा जीव गेला.

तेव्हा बोटीत चढल्या चढल्या लाइफजॅकेट घाला आणि पट्टे आवळा. पाण्यात पडल्यावर ते घालणं फार अवघड असतं. सेल्फीसाठी कठड्यावर बसू नका. कोणी पडलंच तर मागोमाग उडी मारू नका. आधी ओरडा, तरंगेल असं काहीही फेका आणि त्याच्याकडे बोट रोखून उभे राहा. स्वतः पडलात तर पहिली दोन-तीन मिनिटं पोहायचं नाही. उताणं होऊन नुसतं तरंगा, श्वास ताब्यात येऊ द्या. मग गुडघे छातीशी घेऊन ऊब धरून ठेवा, ओरडण्यापेक्षा हात हलवा. किनाऱ्यावरून मदत मागवायला तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर आहे, नाहीतर ११२ आहेच.

हा १५५४ आत्ताच फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. बोट हलायला लागली की तो शोधायला रेंज मिळेलच असं नाही.